लोकप्रशासनात पदवी घेतल्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी मुलांनी पुढे काय करावे?

लोकप्रशासन म्हणजे केवळ यूपीएससी, असे आपल्याकडे पालकही मानतात. त्या परीक्षेत हा विषय वैकल्पिक म्हणून 500 गुणांचा आहे आणि मुख्य परीक्षा मराठीतूनही लिहिता येते, हे खरे. पण एवढ्या एकाच वाटेवर उमेदीची वर्षे घालवू नयेत, असे मला मनापासून वाटते.

सर्वांत जवळची वाट ग्रामपंचायतीची आहे. पंचायत विकास अधिकारी या पदासाठी कोणतीही पदवी चालते, परंतु वर्गात विकेंद्रीकरण शिकलेल्या माणसाला नरेगाची हजेरीपत्रके, ग्रामसभेचे ठराव आणि ई-स्वत्तू या कर्नाटकाच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदणीवरचा घराचा नमुना 9 (मालमत्तेचा उतारा) यांचा परस्परसंबंध लवकर उमगतो. उतारा हातात धरून खिडकीशी उभ्या असलेल्या आजीला तिच्या मराठीत समजावणारा अधिकारी खानापूर तालुक्यात किती मोलाचा आहे, हे तिथल्यांनाच कळेल. मात्र कर्नाटकाच्या भरतीत कन्नडची परीक्षा उत्तीर्ण व्हावीच लागते, म्हणून पदवीच्या पहिल्याच वर्षापासून कन्नड लिहिण्याचा सराव करावा. बोलता येणे पुरत नाही.

महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतील मराठी उमेदवारांना 15 वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर तिकडच्या शासकीय सेवेसाठीही अर्ज करता येतो. जाहिरातीतली ती अट नीट वाचून दाखला आधीच काढून ठेवावा. सहकारी पतसंस्था, स्वयंसेवी संस्था आणि एम.ए.नंतर नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा देऊन अध्यापन, हे मार्गही खुले आहेत.