1990 ची डॉज कमिन्स, 7,000 पौंडांचा कॅम्पर आणि आय-70 चा उतार

डेन्व्हरजवळ 1990 ची डॉज रॅम 250 कमिन्स (कमिन्सचं डिझेल इंजिन असलेला पिकअप ट्रक) चांगल्या भावात मिळतेय, 400 पौंड-फूट टॉर्कवर, म्हणजे इंजिनच्या पिळाच्या जोरावर, मागे जोडलेला 7,000 पौंडांचा कॅम्पर आय-70 महामार्गानं डोंगरापलीकडे जाईल का, असं तुम्ही विचारलंय. जाईल. माझ्याकडे त्याच वर्षीची पाच गिअरची मॅन्युअल आहे.

आजचे काही ट्रक टॉर्कमध्ये 1,000 पौंड-फुटांच्या पुढे गेलेत, त्यामुळे हिचा तेवढा टॉर्क आणि 160 हॉर्सपॉवर ऐकून धाकधूक होणारच. पण हे 5.9 लिटरचं इंजिन सगळा टॉर्क 1,700 आरपीएमच्या आसपासच देतं, आणि हवा दाबून भरणाऱ्या टर्बोमुळे उंचीवरच्या विरळ हवेत फारसं दमत नाही. त्या काळची फोर्डची 7.3 लिटर डिझेल बिनटर्बोची. दर हजार फुटांना साधारण 3 टक्के ताकद जाते, म्हणजे आय-70 वरच्या, 11,000 फुटांवरच्या आयझेनहावर बोगद्याशी तिची जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद गेलेली असते.

मला काळजी आहे ती उताराची. पेट्रोल गाडीत पाय काढला की थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, मिटतो आणि इंजिनच गाडीला आवरतं. या डिझेलला थ्रॉटलच नाही, त्यामुळे इंजिन ब्रेकिंग जेमतेम. खंडाळ्यात ट्रकवाले सांगायचे, ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. इथे तेवढ्यानं भागत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्न गावाकडे उतरताना माझं ब्रेकचं पेडल मऊ पडत गेलं, शेजारी बायको आणि मुलगी. कसाबसा कडेला थांबलो. ट्रेलरच्या ब्रेकची वायर गंजून तुटली होती, सगळा भार ट्रकच्या ब्रेकवर, आणि त्यातलं फ्लुइड किती जुनं होतं देव जाणे.

म्हणून आधी फ्लुइड बदला. ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम या गाडीत वेगळ्या पंपावर चालतो, तो तपासा. कॅम्परला इलेक्ट्रिक ब्रेक आणि केबिनमध्ये कंट्रोलर हवाच. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनला रोखणारा) बसवता येतो, पण वाल्व्हच्या स्प्रिंगा जड घालाव्या लागतात. सामान भरून एकदा ट्रकस्टॉपच्या वजनकाट्यावर जा. हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या हुकावर, 700 ते 1,050 पौंड यायला हवेत, कमी आले तर ट्रेलर डोलतो. जुन्या माहितीपत्रकातला टोइंगचा आकडा आजच्या आकड्याशेजारी ठेवू नका. सगळ्या कंपन्यांसाठी एकच चाचणी, जे2807, ही 2008 नंतरची.

गाडी बघायला जाण्याआधी गिअरबॉक्स कोणता ते फोनवरच विचारा. तीन गिअरच्या ऑटोमॅटिकला लॉक-अप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडून धरायची सोय, नाही. चढावर तिचं तेल तापतं आणि उतारावर इंजिनची उरलीसुरली पकडही चाकांपर्यंत नीट पोचत नाही. आय-70 वर कॅम्पर ओढायला मी ती घेणार नाही. मॅन्युअल असेल तर कळवा, शनिवारी तुमच्याबरोबर बघायला येतो.