सागरी इलेक्ट्रॉनिक्सच्या संघटनेला अधिकार कोणी दिला?

प्रश्न : मी पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी तपकीर गल्लीतून आणलेले जीपीएस मॉड्यूल संगणकाला जोडले, तेव्हा पडद्यावर डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी येऊ लागल्या. हा नमुना ‘एनएमईए’ नावाच्या, बोटींवरील उपकरणांच्या संघटनेने ठरवला आहे, असे सरांनी सांगितले. ही सरकारी संस्था आहे का? तिला नियम करण्याचा अधिकार कोणी दिला?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : अधिकार कोणीही दिलेला नाही. नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन ही अमेरिकेत १९५७ मध्ये या धंद्यातल्याच लोकांनी स्थापन केलेली व्यापारी संघटना आहे. एका कंपनीचा जीपीएस आणि दुसऱ्या कंपनीचा ऑटोपायलट एकाच बोटीवर बसवायचा, तर दोघांना एकमेकांचे कळले पाहिजे. त्यासाठी स्पर्धक उत्पादकांना एका टेबलाशी बसवून तिने १९८३ मध्ये ‘०१८३’ हे मानक प्रसिद्ध केले, आणि ते सर्वांच्या सोयीचे ठरल्यामुळे जगभर रुळले.

तुमच्या पडद्यावरची ‘$GPRMC’ने सुरू होणारी ओळच पाहा. डॉलरच्या चिन्हानंतरची ‘जीपी’ ही अक्षरे माहिती जीपीएसकडून येत असल्याचे सांगतात, ‘आरएमसी’ ही ओळीचा प्रकार सांगतात, आणि तारांकनानंतरची दोन चिन्हे (अंक किंवा अक्षरे) ओळ वाटेत बिघडली का, हे तपासण्यासाठी असतात. पुण्यात अक्षांशाच्या जागी १८३१ च्या आसपासचा आकडा दिसेल. तो १८ अंश ३१ मिनिटे असा वाचायचा असतो. पुष्कळ विद्यार्थी तो १८.३१ अंश असा घेतात, रेखांशाचेही तसेच करतात, आणि मग नकाशावरचा ठिपका पुण्याऐवजी नैऋत्येला चाळीसएक किलोमीटरवर, सह्याद्रीच्या डोंगरात जाऊन पडतो.

मोठ्या जहाजांच्या बाबतीत मात्र सक्तीचे नियम आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, म्हणजे आयएमओ, ठरवते. उदाहरणार्थ, आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टन व त्याहून अधिक सकल टनभाराच्या जहाजावर एआयएस, म्हणजे जहाजाची ओळख व ठिकाण आपोआप प्रसारित करणारी यंत्रणा, असलीच पाहिजे. तिथे उत्पादकांची बाजू मांडते ती १९२८ मध्ये स्थापन झालेली सीआयआरएम ही आंतरराष्ट्रीय संघटना. तिला आयएमओमध्ये सल्लागार दर्जा आहे. ती बैठकीत बोलू शकते, टिपणे सादर करू शकते, पण मतदान करू शकत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण शेवटी ती उपकरणे विकणाऱ्यांची संघटना आहे. तरीही तिच्या अभियंत्यांचे म्हणणे ऐकावे लागते, कारण एखादी अट प्रत्यक्ष यंत्रात उतरवता येईल का, हे त्यांनाच ठाऊक असते. पुढे त्या अटींच्या चाचण्या आयईसी, म्हणजे विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांची मानके ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, ठरवते. तुमच्या ओळींचा नमुनाही तिने ‘६११६२-१’ या मानकात घेतला आहे.

एक गोष्ट मला मनापासून खटकते : एनएमईएचे मूळ मानक विकत घ्यावे लागते, त्यामुळे विद्यार्थी इकडून तिकडून मिळालेल्या अर्धवट माहितीवर काम करतात. तुमच्या प्रकल्पाला सदस्यत्वाची किंवा परवानगीची गरज नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने मात्र ते मानक मागवावे, असा अर्ज जरूर द्या.