परसबाग प्रश्नोत्तरं : कोथिंबीर उगवत का नाही, पुदिना आवरत का नाही

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न दारच्या मसाल्याच्या वाफ्याचे आहेत. कोथिंबीर, पुदिना, गवती चहा, आलं, तुळस हे सगळं एकत्र लावायचं आणि सगळ्यांना एकाच झारीने पाणी घालायचं, इथून बहुतेक घोळ सुरू होतात.

प्रश्न : स्वयंपाकघरामागे १० फूट बाय १२ फूट जागा आहे. दक्षिणेला ६ फुटी कंपाउंडची भिंत. तिला लागून ८ बाय ४ फुटांचा लांबोडा वाफा करायचा विचार आहे. काय कुठे लावावं? (सासवड)

वाफा भिंतीला समांतर घेऊ नका, वळवा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. तुमच्या भागात ६ फुटी भिंतीची सावली भर दुपारीसुद्धा साडेपाच फूट लांब पडते आणि सकाळ-संध्याकाळ त्याहून पुढे जाते. म्हणजे कोथिंबीर-मेथीच्या ऐन हंगामात तुमचा चार फुटी वाफा पूर्ण सावलीत जाणार. मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो तेव्हा तीच सावली भिंतीच्या पायाशी विरते. जागा उन्हाळ्यात बघून आखली की फसगत होते ती अशी.

वाफ्याची ८ फुटांची बाजू भिंतीपासून लांब जाऊ द्या, म्हणजे दक्षिणोत्तर. भिंतीजवळ दीड फूट मोकळं सोडा, नाहीतर भिंतीला ओल चढेल. रुंदी ४ फूटच ठेवा. दोन्ही बाजूंनी वाफ्यात पाय न ठेवता मध्यापर्यंत हात पोचतो तो तेवढ्यातच.

भिंतीकडचे ४ फूट हिवाळ्यात सावलीत राहतील. तिथे आलं आणि पुदिना. आल्याचा पाला डिसेंबरात तसाही वाळायला लागतो, त्यामुळे त्याला त्या सावलीचं काहीच वाटत नाही, आणि त्याच्या वाढीच्या दिवसांत, जून ते सप्टेंबर, तिथे सावली नसते. मधले अडीच फूट कोथिंबीर, मेथी आणि शेपूसाठी. हे वरचेवर उपटायचं आणि पुन्हा पेरायचं पीक, म्हणून त्याच्या शेजारी कायमचं झाड नको, खुरप्याने मुळं दुखावतात. उत्तरेच्या टोकाला गवती चहाचा एक ठोंब आणि एक तुळस. गवती चहा दीड-दोन वर्षांत ३ फूट पसरतो. उत्तरेला असला की त्याची सावली वाफ्याबाहेर पडते. दोन ठोंब लावण्याचा मोह आवरा, एका घराला एक पुरून उरतो.

या मांडणीत तहानलेली झाडं एका टोकाला येतात आणि कोरडं सोसणारी दुसऱ्या टोकाला. पुदिन्याला रोज पाणी मिळालं तरी चालतं. तुळशीला वरचा इंचभर थर कोरडा झाल्याशिवाय पाणी देऊ नये.

जमीन एक फूट खोल खणा. भिंतीजवळ बांधकामाचा राडारोडा निघेल, तो चाळून टाकून द्या. त्यातल्या चुन्या-सिमेंटमुळे पानं पिवळी पडतात आणि मग लोक उगाच खतं घालत बसतात. वर कुजलेल्या शेणखताचा २ इंच थर द्या. ३२ चौरस फुटांना तो साधारण १० घमेली होतो. शिवाय दीड किलो निंबोळी पेंड. शेणखत हातात घेतल्यावर भुसभुशीत लागलं पाहिजे आणि शेणाचा वास यायला नको. ओल्या शेणाबरोबर हुमणीच्या अळ्या येतात. मग आलं वरून ठीक दिसतं आणि खाली कंद कुरतडलेला निघतो.

आलं अक्षय्य तृतीयेपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत लावा. २५-३० ग्रॅमचा, एक-दोन डोळे असलेला तुकडा, डोळा वर करून, २ इंच खोल. बाजारातलं आलं चालतं, पण सुरकुतलेलं नको.

प्रश्न : वाण्याकडचे धणे तीनदा पेरले. एकदा चार-पाच रोपं आली, दोनदा काहीच नाही. (नाशिक)

ज्याला आपण धणा म्हणतो ते फळ आहे, त्यात दोन बिया असतात. अख्खा धणा पेरला तर पाणी आत शिरायला वेळ लागतो आणि उगवण मागेपुढे होते. धणे पोळपाटावर पसरून चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडा. प्रत्येकाच्या दोन फाकी झाल्या पाहिजेत, चुरा नाही. मिक्सरचा एक फेरा दिलात तरी आतला कोंब जातो. मग १०-१२ तास भिजवा, पाणी काढून टाका आणि ओल्या फडक्यात दिवसभर बांधून ठेवा.

४ चौरस फुटांना दोन चहाचे चमचे धणे पुरतात. बोटाने अर्धा इंच खोल रेघा ओढा, दोन रेघांत ४ इंच अंतर, आणि बी पडल्यावर मातीने झाका. झारीच्या जोरदार धारेने बी एका कोपऱ्यात वाहून जातं. म्हणून वर गोणपाट टाका आणि पाणी त्याच्यावरून द्या. उगवायला ८ ते १२ दिवस लागतात, कडाक्याच्या थंडीत १५. सातव्या दिवसापासून रोज गोणपाट उचलून बघा आणि पहिले कोंब दिसतील त्या संध्याकाळी काढून घ्या. एक दिवस उशीर झाला तरी कोंब पिवळे आणि लांबुडके होऊन आडवे पडतात.

एवढं करूनही उगवलं नाही तर धणे जुने आहेत. पुढच्या वेळी आधी वीस फाकी ओल्या कागदात गुंडाळून बघा. दहा दिवसांत निम्म्याही अंकुरल्या नाहीत तर ते धणे फोडणीला.

दसऱ्यापासून दर पंधरा दिवसांनी एकेक पट्टा पेरत जा. फेब्रुवारीनंतर पेरलेली कोथिंबीर पानं धरायच्या आत तुऱ्यावर येते. उष्णतेचा आणि मोठ्या होत जाणाऱ्या दिवसाचा तो परिणाम आहे, खत वाढवून थांबत नाही. आणि कोथिंबिरीची रोपं उपटून दुसरीकडे लावू नका, सोटमूळ दुखावलं की तीही लगेच फुलावर जाते.

प्रश्न : पुदिना वाफाभर पसरला, बाकी सगळं गिळलं. (मडगाव)

२० लिटरची रंगाची रिकामी बादली घ्या, तळ कापून टाका आणि ती जमिनीत अशी पुरा की काठ दोन इंच वर राहील. पुदिना त्यात. त्याचे धुमारे जमिनीखालून जातात तसे जमिनीवरूनही पळतात, म्हणून काठ मातीच्या पातळीला आणला तर एका पावसाळ्यात तो बाहेर पडतो. सध्याचा पुदिना काढताना पांढरी मुळं वेचून घ्या. बोटभर तुकडा राहिला तरी पुन्हा फुटतो. नव्या लागवडीला जुडीतल्या जाड काड्या पुरतात : खालची पानं काढून पाण्यात ठेवा, आठ-दहा दिवसांत मुळं येतात.

प्रश्न : पावसाळ्यात तुळस बुंध्याशी काळी पडून मरते, पानओवाही कुजतो. (सावंतवाडी)

तुमच्याकडच्या पावसात सपाट वाफा म्हणजे डबकं. एक फूट उंच गादीवाफा करा. कडेला जांभ्याचे चिरे लावाल तर सांधे सिमेंटने बुजवू नका, पाणी निघून जायला तीच वाट असते. माती मध्यावर थोडी उंच ठेवा. जूनमध्ये बुंध्याभोवतीचा पालापाचोळा वीतभर मागे सारा. उन्हाळ्यात ओल टिकवणारं तेच आच्छादन पावसात बुंधा कुजवतं. पावसाळ्यात शेणखत घालायचं नाही. पानओव्याच्या चार काड्या मे अखेरीस कुंडीत खोचून ओटीवर, पागोळ्यांच्या आत ठेवा. वाफ्यातला गेला तरी रोप हाताशी राहतं.

प्रश्न : काळी जमीन आहे, उन्हाळ्यात भेगा पडतात. एक पोतं वाळू मिसळली तर भुसभुशीत होईल का? (लातूर)

नाही. वाफ्यात एक पोतं वाळू कुठल्या कुठे हरवते. फरक पडायला जवळजवळ मातीच्या निम्मी वाळू लागेल. तोच पैसा शेणखतावर घाला : दर वर्षी २ इंच, तीन वर्षं. काळ्या मातीत खतापेक्षाही वाफसा, म्हणजे माती खणण्याजोगी ओली असणं, महत्त्वाचा. मूठभर माती दाबा आणि तो गोळा कमरेच्या उंचीवरून टाका. फुटून विखुरला तर खणा. तसाच राहिला तर दोन दिवस थांबा. ओल्यात खुरपं घातलंत तर विटेसारखी ढेकळं होतात आणि ती हंगामभर तशीच राहतात.

प्रश्न : कढीपत्त्याची पानं कोणीतरी खातंय. फांदीवर पक्ष्याची विष्ठा दिसते, पण पक्षी दिसत नाही. (ठाणे)

ती विष्ठा नाही, लिंबाच्या फुलपाखराची अळी आहे. लहानपणी ती हुबेहूब तशी दिसते आणि मोठी झाल्यावर हिरवी होते. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, म्हणून ती दोन्हींवर येते. हाताने वेचा. डिवचली तर डोक्यामागून शिंगासारखं काहीतरी काढून उग्र वास सोडते, अपाय काही करत नाही. घरच्या झाडावर पाच-सहा अळ्यांसाठी फवारणी नको, पानं थेट फोडणीत जातात. कोवळा शेंडा पुन्हा फुटला की आठवडाभर रोज सकाळी पानाची खालची बाजूही बघा. मोहरीएवढी गोल पिवळसर अंडी सापडली तर बोटाने पुसून टाका.

प्रश्न : पानओव्याला फुलं येतात, त्यातून मसाल्याचा ओवा मिळेल का? (इंदूर)

मिळणार नाही. मसाल्याचा ओवा बडीशेप-जिऱ्याच्या कुळातला, त्याची पानं बारीक चिरलेली असतात. पानओवा तुळशीच्या कुळातला आहे, वास तेवढा ओव्यासारखा. त्याची भजी करा आणि फुलाचे तुरे दिसताच खुडून टाका, म्हणजे पानं जाड राहतील.