वाचकांचे प्रश्न: बाकावर बसलं तरच उपासना?

प्रश्न: ताई, सलाम. आमचं घर नगरचं, तीन पिढ्या ख्रिस्ती. लहानपणापासून चर्चमध्ये बाक, ऑर्गन, बायका एका बाजूला पुरुष एका बाजूला, असंच बघत आलेय. आता नवीन पाळकसाहेब आलेत, ते महिन्यातून एक रविवार सतरंजी घालून टाळ-पेटीवर भजन करायला लावतात. माझं मनच लागत नाही, घरी आल्यावर वाटतं आज उपासना झालीच नाही. गुडघे दुखतात ते वेगळंच. मुलगी म्हणते, आई तुझा विश्वास देवावर नाही ऑर्गनवर आहे. मी एवढी चुकतेय का?

उत्तर: सलाम. ऑर्गनची आठवण येणं हे काही पाप नाही हो, आधी ते मनातून काढून टाका. प्रभू येशू स्वतःसुद्धा शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, आपल्या रिवाजाप्रमाणे सभास्थानात जायचा, बायबलमध्ये लूकच्या चौथ्या अध्यायात आहे. पण त्याच अध्यायात पुढे काय होतं ते बघा. त्याच्या गावचे, नासरेथचे लोक त्याला लहानपणापासून ओळखत होते, आणि तीच अडचण झाली, हा तर योसेफाचा मुलगा, हा आम्हाला काय सांगणार! मग तो त्यांना नामानाची आठवण करून देतो. नामान म्हणजे अरामी सेनापती, कोड बरं व्हावं म्हणून इस्राएलच्या अलीशा संदेष्ट्याच्या दारात आलेला, आणि अलीशा बाहेरच येत नाही, नुसता निरोप पाठवतो की यार्देन नदीत सात वेळा बुडी मार. नामान भडकला, कारण त्याने मनात सगळं ठरवून ठेवलेलं, संदेष्टा बाहेर येईल, देवाचं नाव घेईल, हात फिरवेल. यार्देनपेक्षा आमच्या दिमिष्कच्या (दमास्कसच्या) नद्या चांगल्या म्हणे! नोकरांनी समजूत काढली म्हणून, नाहीतर कोड घेऊनच परत गेला असता. आपल्या लोकांना सोडून देवाने या परक्याला बरं केलं, हे ऐकून नासरेथकर एवढे चिडले की प्रभूला कड्यावरून ढकलायला निघाले. सगळे देवळात नेमाने येणारे लोक बरं का.

आता तुमच्या सतरंजीबद्दल. तुम्ही जिला जुनी पद्धत म्हणता ते बाक आणि ऑर्गन मिशनरी साहेबांबरोबर आले, आणि जे तुम्हाला नवीन वाटतंय ते तुमच्याच गावचं जुनं आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, नंतर ते नगरलाच राहिले, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं मानणारा हा माणूस अभंग लिहायचा, कीर्तन करायचा. शेवटी १९१७ मध्ये मिशनची नोकरीही सोडली. त्याच्याही आधी गोव्यात फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये क्रिस्तपुराण छापलं, जवळजवळ ११ हजार ओव्या! इंग्लंडहून आलेल्या माणसाला ओवी परकी वाटली नाही आणि आपल्याला टाळ परका वाटतो, गंमतच आहे.

पण मुलीलाही एक सांगा. टाळ वाजले म्हणजे पवित्र आत्मा आला असंही नसतं, तीही उद्याची सवयच. हल्ली काही सभांना लोक आजच रडू येणार, आजच आजार जाणार असं ठरवूनच जातात, आणि नाही झालं की तुमचा विश्वास कमी पडला म्हणून मोकळे. मला याचा जास्त राग येतो, खरं सांगू तर. तो नामानाचाच हट्ट, फक्त स्पीकर लावून.

तुम्ही एक करा. पुढच्या भजनाच्या रविवारी जे गाणार आहेत त्यातलं टिळकांचं एखादं पद आदल्या रात्री घरी नुसतं वाचा, चाल वगैरे विसरून. अर्थ आधी पोचला की टाळ तेवढा खुपत नाही, निदान माझं तरी तसं झालं. तरीही नाही लागलं मन तर पाळकसाहेबांना सरळ सांगा, चर्चा होऊ दे, मंडळी तुमचीही आहे.

आणि गुडघ्यांसाठी खुर्ची मागून घ्या, भजन खुर्चीवर बसूनही होतं.