सोलापुरातल्या हेरिटेज यादीतल्या वाड्यातली जुनी चूल काढून गॅसचा ओटा करायचाय, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वाडा पणजोबांच्या वेळचा आहे, महापालिकेच्या यादीत नाव आहे आणि आईला आता चुलीपाशी बसवत नाही म्हणून चूल फोडून तिथंच ओटा बांधायचाय. आमच्या बाळीवेशीकडच्या वाड्यात आम्ही यातूनच गेलोय म्हणून सांगतो, गॅस घ्याच, आईचे गुडघे आणि डोळे आधी, पण चूल फोडू नका की ओ. चूल आहे तिथं राहू दे. समोरच्या बाजूला लोखंडी अँगलचा स्टँड करून त्यावर कडप्पा टाका, भिंतीत काही अडकवू नका, उद्या उचलला तर वाडा होता तसाच राहतो आणि अर्जात सांगायला पण हे सोपं पडतं.

परवानगीचं म्हणाल तर आधी यादीतला ग्रेड बघून घ्या. पहिल्या ग्रेडमध्ये आतसुद्धा हात लावणं अवघड, दुसऱ्या तिसऱ्यात आतले बदल परवानगी घेऊन करता येतात. भुईकोट किल्ल्यापासून 100 मीटरच्या आत असाल तर दुरुस्तीलाही पुरातत्त्वची वेगळी परवानगी लागते. भिंतीला भोक पाडायच्या आधी लेखी विचारा.

आता मुख्य गोष्ट. आपली स्वयंपाकघरं धुरासाठी बांधलीत. धूर वर जातो म्हणून माळवदात, म्हणजे मातीच्या सपाट छतात, साणं (धूर-उजेडासाठीचं भोक) ठेवलेलं असतं. सिलेंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, तो खाली बसतो, साण्यातून जात नाही. आमच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात बळद आहे, म्हणजे धान्य साठवायची जमिनीखालची जागा, वर लाकडी झाकण, आणि पहिल्या दिवशी सिलेंडर नेमका त्या झाकणाशेजारी ठेवला होता, जागा सपाट दिसली म्हणून. गळती झाली असती तर सगळा गॅस बळदात साचला असता आणि वर वाससुद्धा उशिरा आला असता. शेजारच्या काकूंनी बघितलं म्हणून बरं. मग सिलेंडर अंगणाच्या दाराजवळ नेला, उंबऱ्याच्या आत, कारण त्या दाराच्या फळीखाली चार बोटं फट आहे आणि हवा जमिनीलगत बाहेर जाते. सिलेंडर उभा, शेगडी त्याच्यापेक्षा उंच, नळी दीड मीटरच्या आत आणि पाच वर्षांनी बदलायची, एवढं पाळा.

दुसरी चूक आमची. ओट्यामागं तेल उडतं म्हणून मिस्त्रीनं मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारला, वर टाईल्स. दुसऱ्या पावसाळ्यात टाईल्स वाजायला लागल्या, बोटानं ठोकलं की पोकळ आवाज, आणि एक दिवस परातीएवढा तुकडा खाली आला, मागची माती ओलीचिंब. मातीची भिंत ओल बाहेर सोडत असते, सिमेंटनं ती आत कोंडते. आता तिथं चुन्याचा गिलावा आहे आणि पुढं स्टीलचा पत्रा, भिंतीपासून दोन बोटं सुटा. ओट्याला सिंक पण जोडू नका, भांडी मोरीतच घासा, आईला त्रास होईल तर तिथंच उंच कट्टा करून द्या.

आणि चूल थांबली की वरच्या लाकडाकडं लक्ष ठेवा. इतकी वर्षं धुरानं तुळया आणि किलच्यांना (तुळयांवरच्या बारीक लाकडी फळ्यांना) कीड लागली नाही, आता वर्षातून एकदा टॉर्च घेऊन वाळवी बघायची. काजळी पाण्यानं धुऊ नका, कोरड्या ब्रशनं झाडा. आमच्याकडं भोगीला बाजरीच्या भाकरी अजून चुलीवरच होतात, त्या दिवशी सिलेंडर बंद करून अंगणात नेऊन ठेवतो.

तुमच्याकडं बळद किंवा तळघर आहे का आणि अंगणाचं दार कुठल्या बाजूला येतं ते लिहा, म्हणजे सिलेंडरची जागा नीट सांगता येईल.