सायकल चोरीला गेली तर विम्याचे पैसे मिळतात का? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात सायकलीवरच तीन पत्रं आली आणि तिन्हीत चोरीचाच विषय आहे, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : सर, मी छत्रपती संभाजीनगरला सिडकोत राहतो. दिवाळीत 85 हजाराची सायकल घेतली, दर रविवारी आमचा ग्रुप दौलताबाद नाहीतर खुलताबादपर्यंत जाऊन येतो. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, त्यामुळं सायकल खाली पार्किंगमध्येच असते. होम लोनसोबत बँकेनं घराचा विमा काढलेला आहे आणि एजंट म्हणतो त्यात सायकल पण येते. मग वेगळा विमा कशाला काढायचा?

उत्तर : दादा, एजंटला एवढंच म्हणा की पॉलिसीत चोरी हा शब्द कुठं लिहिलाय तिथं बोट ठेवून दाखव. लोनसोबतचा घराचा विमा बहुतेक वेळा ‘भारत गृह रक्षा’ असतो, 1 एप्रिल 2021 पासून तो सुरू झाला, आग, पूर, भूकंप, वादळ, वीज पडणं असल्या संकटांसाठी. त्यात चोरी आहे, पण कशी, तर आधी आग किंवा पुरासारखी घटना घडली आणि तिच्यामुळंच सात दिवसांच्या आत सामान चोरीला गेलं तर. रात्री कुणी गुपचूप येऊन सायकल उचलून नेली तर त्यात काही मिळत नाही. वर बँक बऱ्याचदा फक्त इमारतीचाच विमा उतरवते, घरातलं सामान त्यात धरलेलंच नसतं, ते पण बघून घ्या.

मग लोक म्हणतात बर्गलरी कव्हर जोडून घेऊ. इथंच सगळ्यात जास्त माणसं फसतात. आपण बोलताना चोरी आणि घरफोडी सरसकट एकच धरतो पण विम्याच्या कागदात ते दोन वेगळे शब्द आहेत. बर्गलरी म्हणजे कुलूप, कडी, दार, खिडकी काहीतरी जबरदस्तीनं फोडून आत शिरणं किंवा तसं फोडून बाहेर पडणं. 2004 साली सुप्रीम कोर्टानं एका व्यापाऱ्याच्या केसमध्ये हेच सांगितलं, की पॉलिसीत बळजबरीनं आत घुसून झालेली चोरी असं लिहिलेलं असेल तर तेवढंच धरायचं, साधी चोरी त्यात ओढून ताणून बसवता येत नाही. आता तुमचं पार्किंग डोळ्यासमोर आणा. गेट उघडं, वरून पत्रे, तिन्ही बाजूनं मोकळं. तिथं फोडायला दारच नाही, मग घरफोडी सिद्ध कशी करणार? तुम्हाला थेफ्ट म्हणजे साधी चोरी, ती पण घराबाहेर आणि कॉमन पार्किंगमध्ये, असं स्पष्ट लिहिलेलं कव्हर पाहिजे. काही कंपन्यांकडं सायकलची वेगळी पॉलिसी मिळते, काहींच्या हाऊसहोल्डर पॅकेजमध्ये, म्हणजे घरासाठीच्या एकत्रित पॉलिसीत, पेडल सायकलचा एक सेक्शन असतो. दोन्ही चालेल पण सही करायच्या आधी वर्डिंग, म्हणजे पॉलिसीच्या अटींचा पूर्ण मजकूर, मागून घ्या. ब्रोशर नको, वर्डिंग. आणि त्यात ‘कॉमन पार्किंग’ नसेल तर कंपनीला मेलवर विचारा की माझी सायकल इथं इथं उभी असते, चोरी झाली तर कव्हर आहे का. मेलवर आलेलं उत्तर जपून ठेवा, फोनवरच्या हो-हो ला काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट कुलूप. बऱ्याच पॉलिसीत अट असते की सायकल हलवता न येणाऱ्या वस्तूला, म्हणजे खांब, भिंतीतली कडी, ग्रील, असल्याला कुलपानं बांधलेली पाहिजे. निस्तं चाक आणि फ्रेम एकमेकाला बांधून ठेवली तर चोर अख्खी सायकल खांद्यावर टाकून जातो आणि कंपनी म्हणते अट पाळली नाही.

हे मी अंगावर घेऊन शिकलोय. माझी स्वतःची सायकल आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून गेली तेव्हा तिला प्लास्टिकचं कव्हर असलेली कुलपाची केबल होती, पाण्याच्या पायपाला बांधलेली. सकाळी सहाला खाली आलो तर फरशीवर केबल पडलेली, कापलेल्या टोकाला तारा फुलून आलेल्या, पक्कडीनं दोन दाबात काम झालं असणार. मला इतका धक्का बसला की तसाच वर पळालो, आधी घरात सांगितलं, मग पोलीस स्टेशन. परत आलो तोपर्यंत झाडणाऱ्या मावशींनी पार्किंग झाडून केबल कचऱ्यात टाकलेली होती आणि घंटागाडी येऊन गेली होती. पाचव्या दिवशी विमा कंपनीकडून नुकसान तपासणारे सर्व्हेअर आले आणि पहिलंच विचारलं, तुटलेलं कुलूप दाखवा आणि दोन्ही चाव्या द्या. एक चावी होती, दुसरी कुठं ठेवली ते आठवेना, कुलूप तर गेलेलंच. कुलूप लावलंच होतं हे कशावरून, यावर आमचा क्लेम पाच महिने लोंबकळला. म्हणून सांगतो, कधी असं झालं तर आधी जागेवरच फोटो काढा, तुटलेलं कुलूप पिशवीत घालून ठेवा आणि मगच बाकीची पळापळ करा. दोन्ही चाव्या आजच एका डबीत टाका. केबल लॉक तर लावूच नका, जाड यू-लॉक, म्हणजे यू आकाराच्या सळईचं कुलूप, घ्या, दीड-दोन हजार जातील पण 85 हजाराच्या सायकलीपुढं ते काहीच नाही.

आता पैशाचं. 85 हजाराची सायकल म्हणून 85 हजार मिळतील हे मनातून काढा. समजा दोन वर्षांनी चोरी झाली आणि पॉलिसीत 30 टक्के घसारा, म्हणजे जुनी झाल्याची घट, लिहिलाय, तर झाले 59,500, त्यातून क्लेममध्ये तुम्ही स्वतः सोसायचे समजा 2,000 कापले तर हातात 57,500. प्रत्येक पॉलिसीत हे आकडे वेगळे असतात, तुमच्यात किती ते विचारा. आणि जीपीएस मीटर, लाईट, बॅग हे सायकल जागेवर ठेवून सुटं चोरीला गेलं तर बहुतेक ठिकाणी कव्हर नसतं, म्हणून ते काढून वरच न्या.

अजून एक, आज संध्याकाळीच करा. पोत्यावर सायकल उलटी ठेवा, पेडल जिथं फ्रेमला जोडलेत त्या नळीच्या खालच्या बाजूला फडक्याला थोडं रॉकेल किंवा डिझेल लावून घासा, चिखल आणि ग्रीस निघालं की खाली कोरलेला नंबर दिसतो. नीट दिसत नसेल तर कागद धरून वरून पेन्सिल फिरवा, उमटतो. तो नंबर बिलावरच्या नंबराशी जुळतो का बघा. दुकानदारानं बिलावर नुसतं ‘सायकल 1 नग’ लिहिलेलं असेल तर परत जाऊन मॉडेल आणि फ्रेम नंबर लिहून घ्या. आपल्या सायकलीला मोटारसायकलसारखं आरसी बुक नाही, आरटीओत नोंद नाही, ती तुमची आहे हे सांगणारा हा एकच नंबर आहे.

प्रश्न : सर, लातूरहून लिहितेय. माझं लेकरू नीटच्या क्लासला सायकलवर जातं, 28 हजाराची सायकल क्लासबाहेरून गेली. पोलिसांनी गहाळ झाल्याचा दाखला दिला. तो विमा कंपनीला पाठवला तर त्यांनी क्लेम नाकारला, वर म्हणायलेत की तुम्ही आम्हाला चार दिवस उशिरा कळवलं. आम्ही आता काय करावं?

उत्तर : ताई, तुमची चूक नाही, हे लई जणांसोबत होतं. गहाळ म्हणजे हरवलं आणि विमा आहे चोरीचा, त्यामुळं त्या दाखल्यावर कंपनी पैसे देत नाही. तुम्हाला एफआयआर पाहिजे. नवीन कायद्यात, म्हणजे 1 जुलै 2024 पासून, चोरीचं कलम भारतीय न्याय संहितेचं 303 आहे. तक्रारीत सायकलची किंमत बिलासकट लिहा, हे महत्त्वाचं आहे, कारण 5,000 रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र धरली जाते, म्हणजे पोलीस तिची थेट एफआयआर घेत नाहीत, आणि तुमची 28 हजाराची आहे. मॉडेल, रंग, फ्रेम नंबर, कुठल्या खांबाला बांधली होती, किती वाजता लावली आणि किती वाजता दिसली नाही, सगळं लिहा. लेकराला सोबत न्या कारण लावणारा तोच होता. ठाण्यात घेत नसतील तर तीच तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा, कायद्यात तशी सोय आहे. एफआयआरची नक्कल तुम्हाला फुकट मिळते, त्याचे पैसे देऊ नका.

नंतर तपास होऊन सायकल मिळाली नाही तर पोलीस कोर्टात ‘अ’ समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण चोर सापडला नाही. कंपनी हा कागद मागतेच, त्याला वेळ लागतो, दर पंधरा दिवसाला ठाण्यात चक्कर मारावी लागते. कंटाळू नका.

उशिराच्या मुद्द्यावर घाबरू नका. जानेवारी 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी गाडी चोरीच्या एका केसमध्ये सांगितलंय की पोलिसात वेळेवर एफआयआर झाली असेल तर निस्तं विमा कंपनीला उशिरा कळवलं एवढ्या कारणावर खरा क्लेम नाकारता येत नाही. ती केस गाडीची होती पण मुद्दा तुम्हाला मांडता येतो. तुमच्याकडं अडचण एवढीच की एफआयआर अजून झालेली नाही, म्हणून ते गहाळचं पत्र फेकू नका. त्या तारखेला तुम्ही ठाण्यात गेला होता हा त्याचाच पुरावा आहे, तक्रारीत त्याचा नंबर टाका.

एफआयआर झाली की कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी पाठवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडं, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडं, जा, मराठवाड्यासाठी पुण्याचं ऑफिस आहे. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीनं नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा 155255 या फोन नंबरवर पण तक्रार करता येते.

सायकल पुढं कधी सापडली तर कंपनीला कळवा. पैसे घेतलेले असतील तर ती कंपनीची होते, आणि घेतले नसतील तर कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन, तुम्हाला मिळते, ठाण्याच्या आवारात मुद्देमालात गंजत पडू देऊ नका.

प्रश्न : नांदेडला एकाकडून जुनी कार्बन फ्रेमची सायकल 60 हजारात मिळतेय, बिल हरवलंय म्हणतो. विमा निघेल का?

उत्तर : बिल नसताना अवघड आहे, बऱ्याच कंपन्या नवीन सायकल आणि ताजं बिल एवढंच घेतात. आधी त्याला म्हणा की जिथून घेतली त्या दुकानातून बिलाची नक्कल काढून दे, जीएसटीचं बिल असेल तर दुकानदाराकडं नोंद असते. तो टाळाटाळ करायला लागला तर 60 हजार देऊ नका, ती सायकल दुसऱ्या कुणाची पण असू शकते. नक्कल मिळाली तर साध्या कागदावर विक्रीचं लिहून घ्या, त्यात फ्रेम नंबर, त्याची सही, आधारची झेरॉक्स, आणि पैसे रोख न देता यूपीआयनंच द्या.