केसांची गोळी सुरू करण्याआधी एक वही कर

भावा, फिनास्टराइड आणि मिनॉक्सिडिल या केसगळतीवरच्या दोन गोळ्या एकाच दिवशी सुरू करू नकोस. त्रास झाला तर कोणत्या गोळीचा, हे कळायला मार्ग राहत नाही. मध्ये किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचार.

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध. केसांसाठी डोस अगदी कमी असतो, तरी पहिल्या दिवसापासून बीपी, नाडी आणि वजन वहीत लिही. तिसऱ्या आठवड्यात माझं वजन २ किलोंनी वाढलं. मी ते दिवाळीच्या फराळावर ढकललं. पण संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर इलॅस्टिकचा खोल वळ दिसायचा, आणि बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहायचा. अंगात पाणी साठत होतं. डॉक्टरांनी डोस निम्मा केला, तेव्हा सूज उतरली. छातीत धडधड, धाप किंवा चक्कर आली तर गोळी थांबव आणि त्याच दिवशी दाखव.

फिनास्टराइडमुळे पीएसए या प्रोस्टेट ग्रंथीसाठीच्या रक्ततपासणीचा आकडा साधारण निम्मा दिसतो. चाळिशी ओलांडली असेल तर आधी एकदा पीएसए करायची का, ते विचार. पुढेही तपासणीच्या वेळी गोळीबद्दल सांगायचंच. गोळी चालू असताना रक्तदान नको. घरात कुणी गरोदर असेल तर तुटलेल्या गोळीला तिचा हात लागू देऊ नकोस.

आणि मनाकडे लक्ष दे, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. आत्महत्येचे विचार हा फिनास्टराइडच्या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध नियामकांनी २०२५ मध्ये मान्य केलंय. घरच्या एकाला तरी सांगून ठेव, "मी गप्प गप्प वाटलो तर विचार."